कोटाबाहेरची पेठ : आर्त्सनच्या व्यापाऱ्यांचे प्रकरण

प्रकरण कशाचे आहे

आजच्या तुर्कस्तानातील एर्झुरूम शहराजवळ अकराव्या शतकात आर्त्सन नावाची एक अतिशय श्रीमंत व्यापारी वस्ती होती. तिला तट नव्हता. तिच्या जवळच थिओडोसियोपोलिस, म्हणजे आर्मेनियन लोकांचे कारिन, हे तटबंदीचे शहर होते. १०४८ मध्ये सेल्जुक तुर्कांचा सेनापती इब्राहिम इनाल या वस्तीवर चालून आला. सहा दिवस गल्ल्यांच्या तोंडावर आणि घरांच्या धाब्यांवर लढाई झाली, मग वस्तीला आग लागली आणि आर्त्सन पुन्हा कधी पेठ म्हणून उभे राहिले नाही. आर्मेनियन साधनांच्या कालगणनेने ही घटना १०४९ मध्ये पडते आणि ग्रीक साधनाच्या गणनेने १०४८ मध्ये. तिच्या पाठोपाठ झालेली कापेत्रूची लढाई सप्टेंबर १०४८ मधली धरण्याची पद्धत असल्याने येथे तेच वर्ष घेतले आहे.

कोटाच्या आत राहायला जावे की बाहेरच राहावे, हा प्रश्न आर्त्सनच्या व्यापाऱ्यांपुढे संकट येण्याच्या कितीतरी आधीपासून होता, आणि त्यांनी त्याचे उत्तर विचारपूर्वक दिलेले दिसते. ते उत्तर देणाऱ्या व्यापाऱ्यांपैकी एकाचेही नाव मात्र आपल्यापर्यंत आलेले नाही. त्यांच्याविषयी जे कळते ते एका आर्मेनियन मठवासीयाकडून, कॉन्स्टँटिनोपलच्या दोन ग्रीक अधिकाऱ्यांकडून आणि पुढच्या शतकात एडेसा शहरात लिहिणाऱ्या दुसऱ्या एका आर्मेनियन इतिवृत्तकाराकडून. त्यामुळे हे प्रकरण जितके व्यापाऱ्यांच्या निर्णयाचे आहे, तितकेच तो निर्णय इतिहासकारांनी कसा वाचला याचेही आहे.

पार्श्वभूमी

आर्मेनियन इतिहासलेखनाची परंपरा पाचव्या शतकापासूनची. तिचा मुख्य विषय राजे, वतनदार सरदारघराणी, कॅथॉलिकोस म्हणजे आर्मेनियन चर्चचे प्रमुख, आणि हुतात्मे हा होता. व्यापारी त्यात क्वचित आणि ओझरता येतो, एखाद्या प्रसंगाच्या कडेने चालत गेलेला. दहाव्या-अकराव्या शतकात बाग्रातुनी राजांच्या काळी आनी, कार्स, आर्त्सन यांसारखी शहरे वाढली, काळ्या समुद्रावरच्या ट्रेबिझॉन्ड बंदरातून पठारावर चढणाऱ्या आणि पुढे इराणकडे जाणाऱ्या मार्गांवर माल वाहू लागला, तेव्हा कुठे इतिहासकाराला बाजारपेठेची दखल घेणे भाग पडले. व्यापारासाठी आर्मेनियन भाषेत असलेला ‘वचार’ हा शब्द आणि आपला ‘बाजार’ हे दोन्ही एकाच इराणी मुळातून आलेले आहेत. ज्या रस्त्यांनी माल गेला त्याच रस्त्यांनी शब्दही गेले.

राजकीय परिस्थिती या भरभराटीच्या नेमकी उलट दिशेने चालली होती. वास्पुराकानचे आर्मेनियन राज्य १०२१ च्या सुमारास आणि आनी १०४५ मध्ये बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, साम्राज्यात गेले. कारिनवर साम्राज्याचा ताबा त्याआधीच, ९४९ पासून होता. म्हणजे १०४८ मध्ये या मुलुखाच्या रक्षणाची जबाबदारी स्थानिक राजांकडे उरलीच नव्हती. ती दूरच्या कॉन्स्टँटिनोपलकडे गेली होती आणि तिथे सम्राट कॉन्स्टँटाइन मोनोमाखोस (१०४२ ते १०५५) गादीवर होता. याच सम्राटाने इबेरिया या कॉकेशसकडच्या सीमाप्रांतातील (स्पेनकडचा इबेरिया नव्हे) लष्करी चाकरीचे रूपांतर रोख करात केले आणि त्यामुळे सुमारे ५०,००० माणसांचे स्थानिक दल मोडले, असा ठपका ग्रीक इतिहासकार स्किलिट्झेस याने ठेवला आहे. हे रूपांतर १०४८ च्या आधीचे की नंतरचे यावर मतभेद आहेत, पण सीमेवरच्या माणसाकडे सैनिक म्हणून पाहण्याऐवजी करदाता म्हणून पाहण्याची वृत्ती त्यातून स्पष्ट होते.

आर्त्सनची वस्ती मिश्र होती. स्थानिक व्यापाऱ्यांबरोबर सिरियन, आर्मेनियन आणि इतर लोकही तिथे मोठ्या संख्येने राहत, असे स्किलिट्झेस सांगतो. दुसरा ग्रीक लेखक मिखाएल अत्तालेइआतेस याने पर्शिया, हिंदुस्थान आणि उरलेल्या आशियाचा माल तिथे विकला जात असल्याचे लिहिले आहे. हिंदुस्थानचा माल म्हणजे नेमके काय, हे तो सांगत नाही. पण सुमारे १९०० मीटर उंचीवरच्या, कडक हिवाळ्याच्या त्या पठारावर आपल्याकडच्या वस्तू पोचत होत्या एवढे त्यातून नक्की कळते.

समस्या

पूर्वेकडून सेल्जुक तुकड्यांच्या धाडी सुरू झाल्या होत्या. आदल्या मोहिमेत वास्पुराकानमध्ये शिरलेली एक तुकडी बायझंटाइन सेनापतींनी कापून काढली होती, आणि त्यानंतर सुलतान तुघ्रिल बेगाने आपला सावत्र भाऊ इब्राहिम इनाल याला खूप मोठे सैन्य देऊन पाठवले. तट नसलेल्या, पैशाने भरलेल्या पेठेसाठी याचा अर्थ सरळ होता. धोका येणार हे कळत होते. तो किती मोठा असेल आणि केव्हा येईल, एवढेच कळत नव्हते.

स्किलिट्झेसच्या सांगण्यानुसार आर्त्सनकरांनी आपल्या प्रचंड संख्येवर भिस्त ठेवली आणि जवळ अभेद्य तटाचे थिओडोसियोपोलिस असतानाही तिकडे जाण्याचे मनावर घेतले नाही. हे वाक्य वाचताना तो हट्ट किंवा गर्व वाटतो. अत्तालेइआतेस शेजारी ठेवला की चित्र पालटते. तो म्हणतो की थिओडोसियोपोलिस पूर्वी ओस पडले होते, कारण तिथले लोकच सोयीची जागा म्हणून आर्त्सनला गेले होते, आणि तुर्क अनपेक्षितपणे जवळ आल्यावर त्या जुन्या शहराचा खंदक व तट पुन्हा नीट करण्यात आले. हे दोन्ही खरे धरायचे तर व्यापाऱ्यांनी सुसज्ज कोटाकडे पाठ फिरवली असे म्हणता येत नाही. पिढ्यांमागे कोटातून बाहेर पडून त्यांनी पेठ वसवली होती, आणि त्यांना सांगितले जात होते ते मागे टाकलेल्या जागी परत जाण्याचे.

समोरचे पर्याय

व्यापाऱ्यांच्या बाजूने या प्रश्नाचा हिशेब कसा झाला असेल, याची नोंद नाही. तो परिस्थितीवरून मांडावा लागतो. पहिला पर्याय, संपूर्ण वस्ती कारिनला हलवण्याचा. त्याची किंमत फार मोठी होती. काफिल्यांना उतरायला मोकळे मैदान लागते, ओझ्याच्या जनावरांना चारा-पाणी लागते, वखारींना जागा लागते. लष्करी ठाण्याच्या वेशीतून जाणाऱ्या मालावर अधिकाऱ्यांची नजर बसते आणि वेशीच्या दारावर वेळ व पैसा दोन्ही जातात. शिवाय वेगवेगळ्या पंथांचे लोक आर्त्सनमध्ये एकमेकांशेजारी राहत होते. ग्रीक चर्च आणि आर्मेनियन चर्च यांच्यातील ताण पाहता शाही ठाण्यात तो सलोखा तसाच टिकला असता असे गृहीत धरता येत नाही.

दुसरा पर्याय, आर्त्सनलाच तट बांधण्याचा. त्यासाठी सम्राटाची परवानगी लागली असती, वर्षे लागली असती, आणि एवढ्या पसरलेल्या वस्तीभोवती तट घालणे हे एका पेठेच्या आवाक्याबाहेरचे काम होते. तिसरा पर्याय मधला होता: पेठ बाहेरच ठेवायची, पण मौल्यवान माल, रोकड आणि कुटुंबे धोक्याच्या महिन्यांत कोटात हलवायची. हा पर्याय कोणी सुचवल्याचे साधनांत दिसत नाही. चौथा पर्याय म्हणजे जसे आहे तसे राहायचे आणि सैन्यावर विश्वास ठेवायचा. त्यांनी तो स्वीकारला. ज्या साम्राज्याला कर भरला जातो त्याचे सैन्य जवळच असताना हा विश्वास वेडगळ म्हणता येणार नाही.

मराठी वाचकाला येथे सुरत आठवेल. १६६४ मध्ये सुरतेभोवतीही विटांचा भक्कम कोट नव्हता. किल्ला वेगळा होता आणि पेठ उघडी होती. पक्का कोट नंतर उठला. योगायोग असा की त्याच शतकातल्या सुरतेत आर्मेनियन व्यापारीही नांदत होते. काळ, माणसे आणि हेतू वेगळे असले तरी पेठ आणि किल्ला यांच्यातील हे अंतर व्यापारी शहरांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

प्रत्यक्ष काय घडले

निर्णयाचा पहिला क्षण व्यापाऱ्यांचा होता, दुसरा बायझंटाइन सेनापतींचा. कताकालोन केकाउमेनोस हा आनी व इबेरियाचा अधिकारी होता आणि आरोन हा वास्पुराकानचा. शत्रू प्रवासाने थकलेला असतानाच सीमेवर गाठावे, असे केकाउमेनोसचे मत होते. आरोनला थांबायचे होते. सम्राटाचा हुकूम आला तोही थांबण्याचाच: जॉर्जियन सरदार लिपारितची फौज येऊन मिळेपर्यंत लढू नका. इब्राहिमने हा वेळ वाया घालवला नाही. तो आर्त्सनकडे वळला.

आर्त्सनकरांनी पळ काढला नाही. त्यांनी गल्ल्यांची तोंडे अडवली, घरांवर चढले आणि दगड, काठ्या व धनुष्यबाण घेऊन लढू लागले. सहा दिवस एक पेठ, जिच्याजवळ ना तट होता ना शिबंदी, एका मोठ्या फौजेला अडवून उभी राहिली. संख्येवरची त्यांची भिस्त अगदीच पोकळ नव्हती, हे या सहा दिवसांनी सिद्ध केले, आणि स्किलिट्झेसच्या आधीच्या टोमण्याला त्याच्याच मजकुरातून उत्तर मिळते. छावणीत केकाउमेनोस आग्रह करत होता की शत्रू गल्ल्यांत गुंतला आहे, आताच मागून घाला घालावा. आरोन सम्राटाच्या हुकमाविरुद्ध काही करायला तयार झाला नाही. एक सावधगिरी सुचवावी लागते: स्किलिट्झेसच्या या भागामागे केकाउमेनोसच्या पक्षाची माहिती असावी असे अभ्यासक मानतात, त्यामुळे त्याचा सल्ला नेहमी बरोबर आणि आरोनचा नेहमी चूक ठरतो याचे आश्चर्य वाटू नये. पण मदत आली नाही, हे तेवढे निर्विवाद आहे.

तिसरा निर्णय इब्राहिमचा. पेठ लुटीसाठी हवी होती, म्हणून ती शाबूत हाती येणे त्याच्या फायद्याचे होते. सहा दिवसांनी त्याने तो विचार सोडला आणि आग लावली. वाऱ्याने आग पसरली. धाब्यावरून लढणाऱ्यांना अडवलेल्या गल्ल्यांतून बाहेर पडायला वाट राहिली नाही. ज्या अडथळ्यांनी सहा दिवस वाचवले, त्यांनीच शेवटी कोंडले.

परिणाम

मृतांचा आकडा स्किलिट्झेस १,४०,००० देतो. एडेसाचा मत्तेओस, जो घटनेनंतर दोन-तीन पिढ्यांनी लिहीत होता, १,५०,००० म्हणतो आणि शहरात ८०० चर्चे असल्याचे सांगतो. दाव्तुक नावाच्या एका धर्माधिकाऱ्याचा खजिना वाहून न्यायला ४० उंट लागले, हीदेखील त्याचीच नोंद. तेराव्या शतकातील अरब इतिहासकार इब्न अल-अथीर संपूर्ण मोहिमेत एक लाखाहून अधिक कैदी आणि १०,००० गाडे लूट सांगतो. हे आकडे जनगणनेचे नाहीत. लेखकाला हानी केवढी वाटली त्याचे ते माप आहे.

या गोंधळात एक लहान आकडा मला सर्वांत जास्त थांबवतो. घटनेच्या सर्वांत जवळचा लेखक अरिस्ताकेस लास्तिवेर्त्सी हा याच भागातला वार्दापेत, म्हणजे धर्मशास्त्राचा आचार्य. त्याने १०७० च्या दशकात इतिहास लिहिला. मारल्या गेलेल्या धर्मगुरूंविषयी तो म्हणतो की वेदी आणि चर्च सांभाळणारे दीडशेहून अधिक होते, आणि बाहेरगावाहून आलेले कोण मोजणार! त्याला जे मोजता आले ते त्याने मोजले आणि जिथे मोजणी संपली तिथे तसे सांगितले. आपल्या ओळखीची माणसे गेल्यावर मनुष्य असेच मोजतो.

वाचलेले लोक कारिनला गेले, म्हणजे जो पर्याय त्यांनी नाकारला होता तोच शेवटी त्यांच्या वाट्याला आला. जाताना त्यांनी गावाचे नावही नेले. कारिनला ‘रूमी (म्हणजे बायझंटाइन) लोकांचे अर्झन’ या अर्थाने अर्झन अर-रूम म्हटले जाऊ लागले, आणि त्याचेच पुढे एर्झुरूम झाले. बायझंटाइन फौज सप्टेंबरात कापेत्रू येथे लढली, तिच्या दोन बाजू जिंकल्या, पण लिपारित पकडला गेला आणि इब्राहिम लूट घेऊन परतला. ज्याच्यासाठी थांबून आर्त्सन जळू दिले, तोच हातचा गेला.

इतिहासकाराचा निर्णय

आता चौथा निर्णय, जो अरिस्ताकेसने लिहायला बसताना घेतला. आर्त्सनचे त्याने आधी जे वर्णन केले आहे त्यात उघड प्रेम आहे. मौल्यवान रत्नासारखे झळकणारे शहर, न्यायी न्यायाधीश, मठवासीयांना आसरा देणारे आणि गरिबांवर दया करणारे व्यापारी. या वर्णनावर बायबलमधील यशयाच्या ग्रंथात येणाऱ्या सोर (टायर) या बंदरनगरीच्या वर्णनाची छाया आहे, जिचे व्यापारी राजपुत्रांसारखे होते. ज्याला बायबल पाठ आहे त्याला सोर म्हटले की पुढचा नाश ऐकू येतो. अरिस्ताकेस तिकडेच जातो. लोक बिघडले, न्याय लाचेने विकला जाऊ लागला, व्याज आणि धान्याची दुपटीने वसुली सुरू झाली, मित्राला फसवणारा स्वतःला शहाणा म्हणवू लागला आणि श्रीमंतांनी गरीब शेजाऱ्यांची घरे व शेतांचे बांध गिळले. मग देवाचा कोप झाला.

तट, आरोन, सम्राटाचा हुकूम यांना त्याच्या कारणमीमांसेत मुख्य स्थान नाही. हे वाचून आधुनिक वाचक पुस्तक बाजूला ठेवतो आणि ग्रीक लेखकाकडे वळतो, कारण तिथे ‘खरी’ कारणे आहेत. माझ्या मते ही वाचनातील मोठी चूक आहे. ग्रीक लेखक आपल्याला युद्ध सांगतात. बाजार सांगतो तो अरिस्ताकेस. त्याच्या पापांच्या यादीतून पापाचा शिक्का क्षणभर काढून ठेवला तर उरते काय? शहरी भांडवल खेड्यात कर्जरूपाने जात होते. धान्य उधार दिले जात होते आणि सुगीला दुपटीने परत घेतले जात होते. आपल्याकडे ज्याला वाढीदिढी म्हणत त्याच जातीचा हा व्यवहार, दर मात्र त्याहून जड. कर्ज न फिटल्यास जमीन सावकाराकडे जात होती, म्हणून तर बांधांची तक्रार. म्हणजे आर्त्सनची संपत्ती काफिल्यांपुरती राहिली नव्हती, ती आजूबाजूच्या जमिनीत शिरली होती. कोटात हलायला व्यापारी का कचरले असतील, याचे एक कारण येथे सापडते: ज्याची येणी चहूबाजूच्या शेतांत अडकलेली आहेत तो माणूस सहजासहजी जागा सोडत नाही. हे अनुमान आहे, पण त्याचा आधार अरिस्ताकेसच्याच शब्दांत आहे.

त्याच्या रागाला मी खोटे ठरवू इच्छित नाही. बांध गेलेल्या शेतकऱ्याची बाजू त्या काळच्या लिखाणात दुसऱ्या कोणी एवढ्या तळमळीने घेतलेली मला दिसत नाही.

वेगळे काय करता आले असते

व्यापाऱ्यांच्या निर्णयाविषयी बोलताना नंतरच्या घटना विसरू नयेत. आनीला दुहेरी तट होता, तरी १०६४ मध्ये ती सेल्जुक सुलतान अल्प अर्सलानच्या हाती पडली. खुद्द कारिनचा तट १२४२ मध्ये मंगोल सेनापती बैजूच्या यंत्रांपुढे टिकला नाही आणि तिथेही कत्तल झाली. कोटात गेले असते तर वाचले असते, असे सरसकट म्हणता येत नाही. १०४८ च्या धाडीपुरते ते संभवते, कारण त्या फौजेचा भर वेढ्यापेक्षा लुटीवर होता. कुटुंबे आणि रोकड आधी हलवण्याचा मधला मार्ग मात्र त्यांच्या हातात होता. तो घेतला असता तर मनुष्यहानी खूपच घटली असती, आणि इब्राहिमचे पेठेकडे वळण्याचे आकर्षणही कमी झाले असते.

सर्वांत स्वस्तात टाळता येण्याजोगी चूक सेनापतींची होती. सहा दिवस हा फार मोठा अवधी आहे. शत्रू अरुंद गल्ल्यांत विखुरलेला, त्याची पाठ उघडी, आणि आपली फौज जवळ. अशा वेळी दूरच्या राजधानीतून परिस्थिती बदलण्याआधी सुटलेला हुकूम अक्षरशः पाळला गेला. आरोनच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की अपुऱ्या फौजेनिशी हरला असता तर कारिनही उघडे पडले असते.

आणि अभ्यासकाने काय वेगळे करावे? एका इतिहासकाराच्या निवाड्यावर थांबू नये. अरिस्ताकेसनंतर दोन शतकांनी किराकोस गांझाकेत्सी (१२०० ते १२७१) लिहितो, तेव्हा त्याच्या इतिहासात उमेक नावाचा श्रीमंत व्यापारी येतो. तो मूळचा कारिनचा, म्हणजे आर्त्सनचे नाव घेतलेल्याच शहराचा, आणि नंतर तिफ्लिसला (आजचे त्बिलिसी) राहणारा. मंगोल अधिकारी त्याला मान देतात, आणि किराकोस त्याच्याविषयी परोपकारी माणूस म्हणून कौतुकाने लिहितो. तोवर जुनी राजघराणी गेली होती, चर्चला आश्रय देणारे हात व्यापाऱ्यांचेच उरले होते, आणि इतिहासकाराची नजर त्याप्रमाणे बदलली होती. व्यापाऱ्याचा स्वतःचा आवाज ऐकायचा तर इतिवृत्त सोडून भिंतीकडे जावे लागते. आनी येथे तिग्रान होनेन्त्स या व्यापाऱ्याने १२१५ मध्ये बांधलेल्या संत ग्रेगरीच्या चर्चवर लांबलचक शिलालेख आहे. त्यात त्याने दान दिलेली दुकाने, गिरण्या आणि गावांतील हिस्से एकामागून एक कोरून ठेवले आहेत. आर्त्सनची अशी एकही भिंत आपल्या हाती नाही.